चौथे बटण

पणजीच्या ऑफिसात एसीच्या झोताखाली बसून
मी अंगठ्याचा नकाशा काढला होता.
पडद्याचा कुठला कोपरा सहज पोचतो,
कुठला ताणून,
कुठे दुसरा हात लागतोच.
'जतन करा' सोप्या कोपऱ्यात ठेवले,
'पुसून टाका' अवघड.
बाराशे माणसांची दुखणी, सहा इंचांत.
सर म्हणाले, सुटसुटीत झालेय.

सिस्टर पिएदाद कुलासो
वाळपईहून डोंगुर्लीला स्कूटरने जातात.
लशींच्या पेटीत एक हात गुंतलेला,
उरलेल्यात फोन.
तो उरलेला हात डावा.
माझा नकाशा तिथेच उलटा झाला:
आठवडाभर त्यांच्या अंगठ्याखाली 'पुसून टाका' होते
आणि त्यांनी कुणालाच पुसले नव्हते.
"तापल्या तव्यावरची भाकरी उलथतात ना बाय,
तसा चालवते तुझा फोन."

एप्रिल. आवारात बोंडू मळलेले,
त्यांचा आंबूस वास कपड्यांना.
माकडतापाचा पहिलाच प्रश्न, ठळक अक्षरांत:
गेल्या पंधरा दिवसांत रानात गेला होता का?
होय. नाही.
शेवंती गांवकर हसली.
रान खंयच्यान सुरू जाता, तें आदीं सांग.
तिचे परसू कुठे संपते
ते मी बघत राहिले, आणि कळले नाही.

ओळख पटवण्यासाठी अंगठा लावा.
काजूच्या बिया फोडून फोडून
डिकाने खाल्लेली बोटे,
रेषा गेलेल्या, कातडीचे पापुद्रे.
तीनदा लावला.
पुन्हा प्रयत्न करा.
तिने हात लुगड्याला पुसला,
जणू चूक हाताची होती.
ते वाक्य माझे.
नम्र वाटावे म्हणून दोन दिवस घासले होते.

जन्मतारीख?
पाखले गेले तेव्हा ती रांगत होती.
कॅलेंडर एकेक महिना मागे ढकलत
सिस्टर एकोणनव्वदपर्यंत आल्या
आणि म्हणाल्या, उरलेले तू ढकल, मला दुसरे घर आहे.

त्या रात्री लॉजवर, पंख्याच्या खडखडाटात,
मी वर्षासाठी 'अंदाजे' केले
आणि प्रत्येक प्रश्नाखाली तिसरे बटण: माहीत नाही.
मला वाटले, झाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवंतीकडे.
बाळंतपणे किती? तीन.
मुले हयात किती?
सिस्टरांचा अंगठा हवेत थांबला.
रकाना तारांकित होता.
लाल चौकट आली: ही माहिती आवश्यक आहे.
त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला
आणि विचारले, कोकमे कधी घातलीस वाळत?
मग कोकमांवरच बोलत राहिल्या दोघी,
यंदा फळ बारीक, माकडे फार, मिठाचा दर.
फोन मांडीवरच झोपी गेला
आणि भरलेले सगळे घेऊन गेला.
तेही माझेच काम:
पाच मिनिटे हात लागला नाही तर बाहेर काढायचे.

फणसाखाली रेंज येते. तिथे उभ्या राहून म्हणाल्या,
"होय आहे तुझ्याकडे, नाही आहे, माहीत नाही आहे.
मला माहीत आहे. तिला तर आहेच.
आणखी एक कर.
आज विचारले नाही."

पणजीत सर म्हणाले, अहवालात हे कुठे बसणार?
मला सांगता आले नाही.
बटण राखाडी केले,
तळाशी मधोमध, कुठल्याही अंगठ्याला पोचेल असे.
दाबले की पडदा पुढे सरकतो,
'खात्री आहे?' एवढेही विचारत नाही.

मेअखेर आकडे आले. डोंगुर्ली: चौतीस वेळा.
सिस्टर टाळाटाळ करतात वाटते, सर म्हणाले.
चौतीस नावे उघडून बघायची
परवानगी होती मला.
फोन टेबलावर उपडा ठेवला.
थोड्या वेळाने उचलून सिस्टरांना लावला,
कोकमे वाळली का ते विचारायला.
त्या फणसाखाली नव्हत्या बहुतेक.